बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा बदलणे: घरच्याने हात कुठवर घालावा?

तिसरा मजला

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला इंदिरानगरात, १९९८ साली बांधलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्या बाथरूमचा आठ इंची, लोखंडी चौकटीचा एक्झॉस्ट पंखा गेले वर्षभर कुरकुरत होता. यंदा निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येऊ लागल्या तशी आमच्याकडे कढत पाण्याच्या आंघोळीची आणि वाफेची मात्रा वाढली, आणि एके सकाळी पंखा नुसता गुणगुणत जागच्या जागी उभा राहिला. पाते हाताने ढकलले तर दोन फेरे घेतो आणि पुन्हा थांबतो. छताच्या कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपकेही दिसू लागले आहेत.

पंखा उतरवायचा आणि दुसरा चढवायचा, एवढेच काम आहे असे समजून मी रविवारी बाहेरचे बटण बंद केले, लाकडी घोडीवर चढले, जोडावरची चिकटपट्टी सोलली आणि केवळ सवय म्हणून टेस्टर लावला. लाल तारेला लावला, तर आतला दिवा लागला. काळ्या तारेला लावला, तरी लागला. खाली वाकून बटण पुन्हा पाहिले. ते बंदच होते. मग मी खाली उतरले, मेन स्विच पाडला आणि त्या दिवसापुरते काम तिथेच थांबवले.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. पंख्याच्या लोखंडी अंगावर अर्थिंगचा स्क्रू आहे, पण भिंतीतून दोनच तारा बाहेर येतात आणि हिरव्या तारेचा पत्ता नाही, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे तो स्क्रू रिकामाच राहिला असणार. आता माझे म्हणणे असे की, घरच्या माणसाने स्वतः पंखा बदलणे नियमात बसते की नाही हे आधी कळावे, बसत असेल तर या दोन तारांचे काय करावे हे कळावे, आणि नवा पंखा घेताना आकाराखेरीज काय पाहावे हेही जाणकारांनी सांगावे. “वायरमनला बोलवा आणि मोकळे व्हा” हा सल्ला सोसायटीत मिळालेला आहे. त्यामागचे कारण मात्र कोणी सांगितले नाही.

अंबडकर

ताई, तुम्ही घोडीवरून उतरलात हे फार चांगले केलेत. मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत स्विचगिअरच्या (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या उपकरणांच्या) कारखान्यात तीस वर्षे काढून निवृत्त झालो आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या नियमांत बऱ्यापैकी स्पष्ट आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ वा नियम पाहा. पुढे २००३ चा विद्युत कायदा आला, त्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये सुरक्षा आणि वीजपुरवठ्याविषयीचे विनियम काढले आणि २०२३ मध्ये ते नव्याने आणले; या सगळ्या प्रवासात मूळ कल्पना तीच राहिली आहे. ती अशी की, ग्राहकाच्या जागेतील विजेच्या मांडणीचे कोणतेही काम, त्यात भर घालणे, फेरफार करणे, दुरुस्ती करणे हे सर्व धरून, राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच व्हावे, त्यावर प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाची प्रत्यक्ष देखरेख असावी आणि हात लावणाऱ्याकडे परमिट असावे. मात्र यातून काही कामे वगळली आहेत. २५० व्होल्टपर्यंतचे दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणे आणि तत्सम जोडसामान बदलणे त्या वगळलेल्यांत येते. अट एवढीच की अशा बदलाने मांडणीची क्षमता किंवा तिचे स्वरूप यत्किंचितही बदलता कामा नये.

तेव्हा बंद पडलेला पंखा काढून तिथेच, त्याच तारांवर, तसाच दुसरा पंखा बसवणे हे तुम्ही स्वतः केलेत तर नियम तुमच्या आड येत नाही. पण भिंतीतून नवी हिरवी तार ओढणे, जिथे पॉइंट नव्हता तिथे पॉइंट काढणे, गीझरच्या सॉकेटमधून पंख्याला फाटा देणे ही कामे त्या सवलतीत बसत नाहीत. आणि तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज असा आहे की तुमच्या घरात दुसऱ्या प्रकारचे काम निघाले आहे. दोन्ही तारांना टेस्टर का लागला, ते “तारतंत्री” अधिक चांगले सांगतील.

तारतंत्री

सांगतो. पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र घेऊन मला बरीच वर्षे झाली आणि जुन्या इमारतींत हा प्रकार महिन्यातून एकदा तरी भेटतो. तुमच्या पंख्याचे बटण फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेवर, न बसवता न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर, बसवलेले असावे. बटण बंद केले की न्यूट्रल तुटते, पंखा थांबतो आणि घरातल्यांना वाटते की वीज बंद झाली. प्रत्यक्षात फेज लाल तारेतून पंख्यात येते, मोटारीच्या वेटोळ्यातून पार होते आणि काळ्या तारेने परत निघून थेट बटणापर्यंत येऊन थांबते. म्हणून दोन्ही तारांवर टेस्टर लागतो. मोटार मधून काढून टाकली असती तर एकाच तारेवर लागला असता, आणि घाईच्या माणसाने “दुसरी तरी बंद आहे” म्हणून तिला हात घातला असता.

अर्थ केलेल्या (जमिनीशी जोडलेल्या) न्यूट्रलमध्ये एकटे स्विच किंवा कट-आउट (फ्यूज) बसवायचे नाही हा दंडक १९५६ च्या नियमांतही होता. घालायचेच असेल तर फेज आणि न्यूट्रल एकदम तोडणारे जोडस्विच हवे. तुमच्याकडे मूळ कारागिराची चूक असेल, किंवा मधल्या काळात कोणीतरी बोर्ड बदलताना तारा उलट जोडल्या असतील.

तरीही टेस्टरवर सर्वस्वी विसंबू नका, असे मी आवर्जून सांगेन. शेजारून जाणाऱ्या चालू तारेच्या प्रभावानेही त्याच्या आतला निऑन दिवा मिणमिणतो, आणि उलटपक्षी उन्हाच्या उजेडात लागलेला दिवा दिसतही नाही. त्यासाठी मल्टिमीटर घ्या किंवा होल्डरला दोन तारा जोडून केलेला टेस्टिंग लॅम्प घ्या. आधी तो चालू सॉकेटवर तपासून पाहायचा, मग संशयित तारांवर लावायचा आणि शेवटी पुन्हा त्याच चालू सॉकेटवर नेऊन तो मधल्यामध्ये बिघडला तर नाही ना याची खात्री करायची. या तिसऱ्या पायरीचा कंटाळा आमचे लोकही करतात. शिवाय घरात इन्व्हर्टर असेल तर मेन पाडल्यावर इन्व्हर्टर त्या पॉइंटला वीज देत राहतो, तेव्हा तोही बंद केल्याशिवाय घोडीवर पाय ठेवू नका.

वाडा-पंचवटी

आमच्या पंचवटीतल्या जुन्या वाड्याचा अनुभव येथे उपयोगी पडेल असे वाटते. आमच्याकडे लाकडी पट्टीवरची ॲल्युमिनिअमची वायरिंग होती आणि अर्थिंग म्हणून कोणे एके काळी न्हाणीघरातल्या लोखंडी नळाला एक उघडी तार गुंडाळलेली होती. तेव्हा तो पाइप थेट जमिनीत जात असल्यामुळे कसेबसे निभत होते. चार वर्षांपूर्वी आम्ही गळक्या पाइपांना कंटाळून सगळी नळजोडणी प्लास्टिकच्या पाइपांची करून घेतली. प्लंबरने ती तार नव्या पाइपाच्या एका धातूच्या तुकड्यावर तितक्याच निष्ठेने पुन्हा गुंडाळून दिली! तार होती, क्लॅम्प होता, जमिनीशी संबंध मात्र संपला होता.

पुढच्या पावसाळ्यात एक्झॉस्टच्या लोखंडी जाळीला ओला हात लागला की झिणझिण्या यायला लागल्या. आई म्हणे, “भिंतीत ओल आहे, तिचेच ते.” तिचे अगदीच चुकले नव्हते, कारण मोटारीत ओल गेली होतीच, पण ती वीज जमिनीत जायला वाट राहिली नव्हती, म्हणून ती आमच्या हातातून वाट काढत होती. आता अर्थिंगसाठी अंगणात वेगळा इलेक्ट्रोड गाडला आहे.

तिसरा मजला

वाडा-पंचवटी, वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्याही इमारतीत गेल्याच वर्षी नळाचे पाइप बदलले आहेत. आमचे अर्थिंग कुठे जाते, हे आता मीटरच्या खोलीत जाऊन पाहते.

तारतंत्री, बटण न्यूट्रलवर आहे हे मल्टिमीटरने पक्के झाले. मग माझी शंका अशी की, स्विच बदलणे नियमाने मोकळे आहे, तर त्याच बोर्डातल्या दोन तारांची अदलाबदल करणेही मोकळे असायला नको का? त्याने क्षमता बदलत नाही आणि पॉइंटही वाढत नाही.

अंबडकर

तुमचा युक्तिवाद वकिली आहे, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. पण मला तो पटत नाही. एखादी वस्तू जशीच्या तशी बदलणे वेगळे, आणि मांडणीतला दोष शोधून तारांची रचना सुधारणे वेगळे; दुसऱ्याला नियमाच्या भाषेत दुरुस्ती आणि फेरफारच म्हणतात. बोर्डात तुम्हाला दिसणारी काळी तार खरोखर न्यूट्रल आहे, की तिथून पुढे आणखी दोन दिव्यांना जाणारा फाटा आहे, हे न पाहता अदलाबदल केलीत तर पंख्याचे बटण बरोबर होईल आणि आरशावरच्या दिव्याचे उलटे होईल.

तारतंत्री

सहमत आहे. शिवाय हा दोष एका बटणापुरता असेल असे समजू नका. बोर्डाला येणारी मूळ जोडीच उलटी असेल तर त्या बोर्डावरचे प्रत्येक बटण न्यूट्रलवर असते. बाथरूमच्या बोर्डावर गीझरही असेल, तर हे आजच्या आज पाहण्यासारखे आहे.

अंबडकर

आता पंखा निवडण्याविषयी लिहितो, कारण लोक दुकानात जाऊन “आठ इंची द्या” एवढेच म्हणतात.

बाथरूमचे जे भाग विजेच्या दृष्टीने पाडले जातात ते पाण्याच्या अंतरावर ठरतात. आयईसी ६०३६४ या विजेच्या मांडणीविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या ७०१ व्या विभागात हे तपशील आहेत, आणि आपले वायरिंगविषयीचे भारतीय मानक ७३२ हेही २०१९ च्या आवृत्तीपासून त्याच घडणीचे झाले आहे. आपल्याकडे टब क्वचित असतो. शॉवर आणि खाली मोरी, एवढाच संसार. अशा ठिकाणी भिंतीतल्या शॉवरच्या निर्गमबिंदूपासून आडवे १.२० मीटर आणि जमिनीपासून वर २.२५ मीटर, किंवा शॉवर त्याहून उंच असेल तर तिथपर्यंतचा पट्टा हा पहिला विभाग धरतात. या विभागात सॉकेट चालत नाही. उपकरण बसवायचेच तर ते जागेवर पक्के आणि कायम जोडणीचे असावे लागते, आणि पाण्याच्या शिंतोड्यांपासून त्याचे संरक्षण आयपीएक्स ४ या दर्जाचे असावे लागते. वायुवीजनाचा पंखा इथे चालतो, पण या अटीवर.

तुम्ही मोजपट्टी घेऊन पाहा. आपल्या फ्लॅटमधला झरोका बहुधा सात फुटांवर सुरू होतो, म्हणजे २.१३ मीटरवर, आणि अरुंद बाथरूममध्ये शॉवर त्याच्यापासून तीन-साडेतीन फुटांवर असतो. म्हणजे पंख्याचा खालचा भाग पहिल्या विभागात येतो. मग डब्यावर आयपीएक्स ४ किंवा त्याहून वरचा आकडा छापलेला पंखा शोधावा लागेल, आणि बाजारातल्या साध्या पत्र्याच्या पंख्यांवर तो छापलेला नसतो. पंखा सव्वादोन मीटरच्या वर नेता आला, तर निवडीला मोकळीक मिळते. तरी मी वाफेचा विचार करून बंदिस्त मोटारीचा आणि बॉल बेअरिंगचाच घेईन. तुमचा जुना पंखा अडकला तो बहुतेक बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी) सुकल्यामुळे आणि त्यात धूळ-वाफेचा लगदा बसल्यामुळे.

दुसरी गोष्ट अंगाची. लोखंडी अंगाच्या पंख्याला अर्थिंग हवेच हवे, त्यात तडजोड नाही. प्लास्टिकच्या अंगाचे काही पंखे दुहेरी इन्सुलेशनचे असतात. त्यांच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असते आणि त्यांना अर्थिंगचा स्क्रूच नसतो. तुमच्या घरात हिरवी तार नाही, म्हणून असा पंखा सोयीचा आहे. पण त्याचा आधार घेऊन “आता अर्थिंग नकोच” असे मात्र ठरवू नका, कारण दहा वर्षांनी तिथे दुसरा कोणी पुन्हा पत्र्याचा पंखा बसवेल.

आकाराचे गणित सोपे आहे. बाथरूम पाच फूट गुणिले सात फूट आणि उंची नऊ फूट धरली, तर ३१५ घनफूट, म्हणजे जवळजवळ नऊ घनमीटर हवा होते. ती तासाला दहा वेळा बदलायची ठरवली तरी ताशी नव्वद घनमीटर पुरतात, आणि चांगला सहा इंची पंखा मोकळ्या जागेत याच्या दुप्पट तरी हवा फेकतो. आठ इंच घेण्याचे कारण एकच उरते, ते म्हणजे भिंतीतले जुने भोक.

लेस्टरवासी

मी मूळचा नाशिकरोडचा, सध्या इंग्लंडमध्ये असतो. तुलनेसाठी लिहितो. इथल्या इमारत नियमांत बाथरूमच्या अधूनमधून चालणाऱ्या पंख्याने सेकंदाला किमान १५ लिटर हवा ओढावी अशी अपेक्षा आहे. घरातल्या वीजकामासाठी “पार्ट पी” नावाचे नियम २००५ पासून लागू झाले. २०१३ मधल्या सुधारणेनंतर इंग्लंडमध्ये आहे तो पंखा बदलण्यासाठी पालिकेला कळवावे लागत नाही, पण नवे सर्किट ओढले किंवा शॉवरजवळच्या भागात भर घातली तर कळवावे लागते किंवा नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडून ते करून घ्यावे लागते. म्हणजे तत्त्व तुमच्याकडच्यासारखेच आहे. बहुतेक पंख्यांना टायमर असतो, त्यामुळे दिवा बंद केल्यावरही पंखा पंधरा-वीस मिनिटे फिरत राहतो आणि भिंती कोरड्या होतात.

अंबडकर

सेकंदाला १५ लिटर म्हणजे ताशी ५४ घनमीटर, म्हणजे माझ्या हिशेबातल्या बाथरूममध्ये तासाला सहा वेळा हवा बदलेल. हिशेब जुळतो. टायमरची गोष्ट मात्र आपण खरोखर उचलण्यासारखी आहे. आपल्याकडे आंघोळ करून बाहेर येणारा माणूस पहिले काम पंखा बंद करण्याचे करतो, आणि मग बुरशीच्या नावाने रंगाऱ्याला दोष देतो.

सिडकोकर

विषय निघालाच आहे तर माझी अडचण मांडतो. गेल्या महिन्यात घराला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवून घेतला. तेव्हापासून बाथरूमचा पंखा लावला की आरसीसीबी पडतो. पंखा नवा आहे. बसवून देणाऱ्याने पंखा दोनदा बदलून पाहिला आणि शेवटी “तो आरसीसीबी फार नाजूक आहे, काढून टाकू” असा सल्ला दिला. काढून टाकावा काय?

तारतंत्री

कृपा करून काढू नका. तो नाजूक नाही, तो हिशेबी आहे. फेजमधून जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला की नाही, एवढेच तो पाहतो, आणि फरक ३० मिलिॲम्पिअरला पोचला की त्याने सेकंदाच्या तीन दशांशाच्या आत वीज तोडली पाहिजे.

आता तुमचा पंखा पस्तीस वॅटचा धरा. तो सुमारे १५० मिलिॲम्पिअर ओढतो. त्याची फेज आरसीसीबीतून आली, पण न्यूट्रल मात्र इन्व्हर्टरच्या लाइनमधून किंवा आरसीसीबीच्या आधीच्या पट्टीवरून उचललेले असेल, तर परतीचा सगळा प्रवाह त्याला चुकवून जातो. त्याच्या लेखी हे १५० मिलिॲम्पिअर कुठेतरी गळाले, म्हणून तो पडतो. जुन्या सिडको घरांत एका खोलीचे न्यूट्रल दुसऱ्या खोलीतून उसने आणण्याची पद्धत सर्रास होती. जोपर्यंत आरसीसीबी नव्हता तोपर्यंत ती उधारी कोणाच्या लक्षात आली नाही. दुसरी शक्यता अशी की पंख्याजवळ न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना टेकलेले आहेत. पंखा बदलून यातले काहीच सुटणार नाही. परवानाधारक माणसाला न्यूट्रल शोधून वेगळे करायला सांगा.

जाता जाता आणखी एक. अर्थिंग नाही म्हणून पंख्याचा किंवा सॉकेटचा अर्थिंगचा स्क्रू न्यूट्रलला जोडून देणारे महाभाग आपल्या गावात आहेत. त्या घरात कधी न्यूट्रल सैल झाले, तर पंख्याचे संपूर्ण अंग फेजवर येते. पंखा पस्तीस वॅटचाच असतो, पण धक्का पुरता २३० व्होल्टचा बसतो.

अंबडकर

या गावच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून वीज सांभाळणारी उपकरणे देशभर जातात, आणि त्याच गावातल्या बाथरूमना आरसीसीबी नाही, याचे मला कामावर असतानाही वैषम्य वाटे. सिडकोकर, तुम्ही बसवला आहे तर राहू द्या. त्याच्या अंगावरचे तपासणीचे बटण महिन्यातून एकदा दाबत चला. आणि तो जादा भाराचे किंवा शॉर्टसर्किटचे रक्षण करत नाही, ते एमसीबीचे काम आहे, हेही ध्यानात असू द्या.

गोदाकाठी

आमच्या बाथरूममध्ये गॅस गीझर आहे. मोठा एक्झॉस्ट लावला तर धोका टळेल ना?

अंबडकर

टळणार नाही, उलट तो वाढूही शकतो, म्हणून हे नीट वाचा. गॅस गीझरला जळण्यासाठी खोलीतलीच हवा लागते. ती अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला रंग नाही, वास नाही. दार-खिडकी लावून एक्झॉस्ट चालवला आणि बाहेरून हवा यायला वाट नसली, तर पंखा खोलीत ओढ निर्माण करतो आणि गीझरचा वर जाणारा धूरही खाली खेचला जाऊ शकतो. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या बाल्कनीत असावा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप यावा. यावर पंख्याचा आकार हा उपाय नव्हे. तुमचा गीझर बाहेर हलवेपर्यंत बादली भरून घ्या, गीझर बंद करा आणि मग दार लावा.

तिसरा मजला

सर्वांचे मनापासून आभार. काम पुरे झाले, म्हणून झाले ते लिहिते.

परमिट असलेले गृहस्थ ठेकेदाराच्या पर्यवेक्षकासह आले. त्यांनी बोर्ड उघडल्यावर दिसले ते असे की बोर्डाला येणारी जोडी बरोबर होती. फक्त पंख्याच्या आणि आरशावरच्या दिव्याच्या तारा उलट्या जोडल्या होत्या, त्यामुळे त्या दोघांचीच बटणे न्यूट्रलवर होती. गीझर वाचला. अंबडकरांना शंका होती त्याप्रमाणे आरशावरचा दिवाही या घोटाळ्यात निघाला, आणि मी स्वतः अदलाबदल केली नाही याचे समाधान वाटले. बोर्डाच्या मागे हिरवी तार सापडली. ती सॉकेटपर्यंत येऊन थांबली होती. मीटरच्या खोलीतही जाऊन पाहिले. आमचे अर्थिंग नळावर नाही, इमारतीच्या मागे खड्डा आहे. त्याचे झाकण मात्र बागेच्या मातीखाली गेले होते, ते उकरून काढले.

भिंतीतल्या पाइपातून दीड चौरस मिलिमीटरची नवी हिरवी तार पंख्यापर्यंत ओढली. चिकटपट्टीचा जुना जोड काढून झरोक्याच्या वर, सव्वादोन मीटरच्या वरच्या बाजूस, झाकणाची छोटी पेटी बसवली आणि तारा तिच्यात कनेक्टरने बांधल्या. तार पेटीत वरून शिरत नाही; खाली एक वळसा घेऊन मग वर जाते, म्हणजे ओघळणारे पाणी वळशाच्या तळाशी ठिबकते. त्यानंतर उपकरणे सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने तारांचे इन्सुलेशन तपासले. १ मेगओहमच्या किमान मर्यादेच्या ते पुष्कळ वर आले, आणि तो आकडा त्यांनी मला बिलावर लिहून दिला. आरसीसीबी आमच्याकडे नव्हता, तोही बसवला.

त्यांनी तारांचे काम संपवले, आणि पंखा मात्र मी स्वतः बसवला! सहा इंची, प्लास्टिक अंगाचा, आयपीएक्स ४ चा. हिरवी तार त्याला लागत नाही, म्हणून ती पेटीत वेगळ्या कनेक्टरमध्ये बांधून ठेवली आहे. आठ इंचाचे भोक लहान करण्यासाठी सुताराकडून पीव्हीसीच्या तक्त्याची चौकट कापून घेतली. फक्त आता एक अडचण राहिली आहे: पंखा फिरतो, पण वाफ पूर्वीपेक्षा फारशी लवकर जात नाही.

वाडा-पंचवटी

बाहेरून कबुतरांसाठी जाळी लावली आहे का? आमच्याकडे बारीक जाळी महिन्याभरात धूळ आणि पिसांनी बुजली होती. जाळीचे भोक मोठे ठेवा, किंवा पंखा बंद झाला की आपोआप पडणारी झडप लावा. डक्टमध्ये उघडणारा पंखा असेल तर झडपेमुळे खालच्या मजल्यांच्या वासालाही आळा बसतो.

तारतंत्री

आधी वर्तमानपत्राची एक पातळ पट्टी पंख्याच्या जाळीजवळ धरून पाहा. दार लावून एकदा आणि दार बोटभर उघडून एकदा.

तिसरा मजला

पाहिले. दार लावल्यावर पट्टी नुसती लोंबत राहते. दार बोटभर उघडले की फट्कन जाळीला चिकटते. आमच्या दाराखाली पाणी बाहेर येऊ नये म्हणून रबराची पट्टी ठोकलेली आहे, तिने सगळी फट बुजवली आहे. रबर काढून दाराच्या खालच्या भागात जाळीची झडप बसवायला सुताराला रविवारी बोलावले आहे.